सासूला सांगायचं राहिलं होतं

अमरावतीच्या आमच्या घरी रविवारी प्रार्थनेला माणसं जमली, की पहिलं काम दार लावून घ्यायचं. तसं कुणी सांगितलेलं नव्हतं. शेवटचा माणूस आत आला की तोच मागे वळून कडी घालायचा. मग आम्ही अगदी खालच्या आवाजात गात असू, जणू पलीकडच्या खोलीत कुणी आजारी निजलं आहे. बाहेर गल्लीतून कापसाच्या गाड्या कुरकुरत जात, गाडीवानांची भांडणं चालत, बैलांच्या घंटा वाजत. आम्ही गळा मोकळा सोडून गायलो असतो तरी कुणाच्या कानावर गेलं नसतं. पण भीती असा हिशेब करत नाही.

माझे यजमान ख्रिस्ती उपदेशक होते. आम्ही दोघंही नगरकडचे. माझे आईवडील मी लहान असतानाच ख्रिस्ती झाले होते, त्यामुळे धर्म बदलण्याचं दुःख मी ऐकलेलं होतं, भोगलेलं नव्हतं. लग्नानंतर थोड्याच दिवसांनी यजमानांची नेमणूक वऱ्हाडात झाली आणि आम्ही बैलगाडीनं अमरावतीला आलो.

ते दिवस कापसाचे होते. सातासमुद्रांपलीकडे अमेरिकेत आपसांत लढाई जुंपली होती, तिकडचा कापूस विलायतेला जाईनासा झाला होता, आणि इकडे वऱ्हाडच्या काळ्या मातीचं नशीब उघडलं होतं. बाजारात जावं तर हवेत कापसाचे तंतू तरंगत असायचे; पदरावर, केसांत, भाकरीवरसुद्धा बसायचे. खेड्यातले शेतकरी बैलांच्या शिंगांना चांदीच्या शेंब्या घालून यायचे. घराघरांत बायका लाकडी चरखीवर सरकी काढत बसायच्या आणि चरखीच्या आवाजावर आवाज चढवून बोलायच्या. वऱ्हाडी बोली पहिल्यांदा ऐकली तेव्हा मला वाटलं, ही माणसं सदा भांडतातच. मग कळलं, हेच त्यांचं मायेचं बोलणं.

आमची मंडळी ती किती. एका कापूस खरेदी करणाऱ्या साहेबाच्या बंगल्यावरचा खानसामा, एक शिंपी आणि त्याची बायको, आणि मूर्तिजापूरकडच्या एका गावाचं शेतकरी जोडपं. त्या शेतकऱ्याचा पाय गाडीच्या चाकाखाली सापडला होता. अचलपूरच्या छावणीतल्या दवाखान्यात तो बरेच दिवस पडून होता. तिथं त्याची जखम धुणारा माणूस ख्रिस्ती होता. त्याच्याशी बोलता बोलता याचं मन वळलं. घरी गेल्यावर त्यानं बायकोला सांगितलं, तिला पटायला वेळ लागला, पण पटलं. पुढे दोघांनी अमरावतीला येऊन बाप्तिस्मा घेतला. गावात याची कुणालाच खबर नव्हती. कापूस विकायला गाडी घेऊन आले की ते रविवार आमच्याकडे घालवत. एरवी गावात ते सगळ्यांसारखे राहत.

या सगळ्यांना धर्माची प्रश्नोत्तरं तोंडपाठ होती. पाप म्हणजे काय, क्षमा म्हणजे काय, विचारलं की घडाघडा सांगत. पण शेजाऱ्यानं साधं विचारलं, "रविवारी कुठं जाता हो?" तर शिंपी म्हणायचा, "माप घ्यायला."

त्यांना हसायचा मला अधिकार नव्हता. आमच्या शेजारी एका भटजींचं घर होतं. त्यांच्या बायकोशी माझी परसातल्या भिंतीवरून ओळख झाली होती. मी त्यांना काकू म्हणायची. वयानं मोठ्या, बोलायला मोकळ्या. एकदा त्यांनी मला विचारलं, "बाई, मी रोज पाहून राहिली. तुमच्या घरी देव्हारा नाई, दिवा नाई, नैवेद्य नाई. मंग तुमाले तुमचा देव देते तरी काय?"

इतका सरळ प्रश्न मला तोवर कुणी विचारला नव्हता. मी शाळेत शिकवल्यासारखी ताठ उभी राहिले आणि म्हटलं, "काकू, आम्हांला तारण प्राप्त होतं."

काकूंनी क्षणभर माझ्याकडे पाहिलं. मग काळजीनं विचारलं, "तारण? काय गहाण टाकलं बाई तुमी?"

त्यांची थट्टा नव्हती. मला पापातून सुटका म्हणायचं होतं, पण अमरावतीच्या बाजारात तारण म्हणजे सावकाराकडे गहाण ठेवलेली वस्तू. हंगामात दिवसभर तोच शब्द कानावर पडे. मी समजावायला गेले तर पुढचा शब्द त्याहून अवघड निघाला, त्याच्या पुढचा त्याहूनही. काकू शेवटी म्हणाल्या, "मी तुमाले घरचं इचारलं, तुमी तं पोथी वाचून दाखवली," आणि आमटी उतू जाईल म्हणून आत गेल्या.

मी बराच वेळ भिंतीपाशी उभी होते. मला वाईट वाटलं ते काकूंना कळलं नाही म्हणून नव्हे. त्यांचा प्रश्न खरा होता, आणि त्याला माझ्यापाशी खरं उत्तर असूनही ते माझ्या तोंडात नव्हतं.

यजमानांचा मार्ग वेगळा होता. ते मोठे सच्चे गृहस्थ, आवाज खणखणीत. बाजाराच्या दिवशी कापसाच्या ढिगांपाशी उभे राहून ते उपदेश करत. लोक जमत, ऐकत, कुणी टिंगल करी, कुणी पान देई, आणि गाडी हलली की सगळे पांगत. त्यांच्या मनात आलं की आपल्या मंडळींनीही पुढं यावं. एका रविवारी त्यांनी सांगितलं, येत्या बाजारी शिंप्यानं आणि शेतकऱ्यानं आपल्या शेजारी उभं राहून चारचौघांत आपल्या विश्वासाची साक्ष द्यायची. दोघांनी माना डोलावल्या. बाजाराच्या दिवशी दोघंही आले नाहीत. पुढच्या रविवारी प्रार्थनेलाही आले नाहीत.

यजमान खिन्न होऊन बसले होते. म्हणाले, "भित्री माणसं आहेत. विश्वासच कच्चा."

मी म्हटलं, "विश्वास कच्चा असता तर इतके दिवस लपवून तरी कशाला जपला असता? त्यांना बोलायला येत नाही, इतकंच. मलाही येत नाही."

"तुम्हांला? तुम्ही तर शाळेत पहिल्या येत होता."

"म्हणूनच," मी म्हटलं, आणि काकूंची गोष्ट सांगितली. तारण गहाण टाकल्याची गोष्ट ऐकून ते आधी हसले. मग हसायचे थांबले. ते तसे न्यायी होते. थोड्या वेळानं म्हणाले, "मग काय करावं म्हणता?"

मी काही ठरवलेलं नव्हतं. बोलता बोलताच सुचलं ते सांगितलं. रविवारी प्रार्थना झाली की उपदेशाऐवजी गोल करून बसायचं. ज्याला वाटेल त्यानं आपल्यावर काय गुदरलं आणि त्यात देव कुठं भेटला, एवढंच सांगायचं. अट एकच. जो शब्द आपण पाणवठ्यावर वापरत नाही तो इथं वापरायचा नाही.

यजमानांनी शिंप्याच्या घरी जाऊन त्याची समजूत घातली, आणि मंडळी पुन्हा येऊ लागली. पहिले काही रविवार कठीण गेले. खानसामा बोलायला उभा राहायचा, "परमकृपाळू" म्हणायचा आणि शिंप्याची बायको लगेच म्हणायची, "हे पानवठ्यावर कोन म्हनते?" तो खाली बसायचा. पुढं सगळे हसू लागले, आणि हसण्यानं सैल झाले. शिंप्यानं एकदा सांगितलं की बापाशी त्याचा अबोला होता, बाप मेला तेव्हाही तो गेला नाही, आणि ते ओझं छातीवर घेऊन तो कपडे शिवत होता. "आता हलकं वाटते," तो म्हणाला. "कोनं उचललं ते मले ठाऊक हाय." एवढंच. पण त्या दिवशी कुणी हसलं नाही.

शेतकऱ्याची बायको मात्र गप्प असे. ही मोठ्या आवाजाची बाई. बाजारात तिनं भाव केला तर दोन दुकानं पलीकडे ऐकू जाई. माझ्या स्वयंपाकाला ती तोंडावर नावं ठेवी, यजमानांनाही सोडत नसे. आणि गोलात बसली की नजर जमिनीवर. मी तिला कधी आग्रह केला नाही.

कापसाचा हंगाम सरत आला होता तेव्हा एका रविवारी ती आपण होऊन बोलली.

"माहे तीन लेकरं गेले," ती म्हणाली. "तिनी पाळन्यातच गेले. गावात बाया म्हनू लागल्या, हे पांढऱ्या पायाची हाय. कोनाच्या घरी बारसं असलं तं मले बोलवत नसत. पेरनीच्या दिवशी मी वाटेत आली तं लोकं वाट बदलत. मलेबी तसंच वाटू लागलं. मी रात्री माह्याच पायाकडे पाहो, का हे खरंच काही करतात काय." तिचा नवरा खाली मान घालून बसला होता. "मंग हे दवाखान्यातून आले. मले म्हने, त्या प्रभूनं आपल्या चेल्यायचे पाय धुतले होते. मी म्हनली, माहे धुतले असते काय? हे म्हने, तुहे पहिले धुतले असते. त्या दिवशी मी लय रडली. तवापासून मी त्याची."

यजमानांनी डोळ्यांवरून उपरणं फिरवलं. इतकी वर्षं ते क्षमेवर बोलत आले होते, आणि त्यांना स्वतःला ती अशी कुणी सांगितली नव्हती, असं ते मला नंतर म्हणाले.

थोड्या वेळानं त्यांनी तिला विचारलं, "हे घरी सांगितलंत का?"

"कोनाले?"

"सासूबाईंना."

तिचा चेहरा पालटला. "नाई. ते नाई जमत."

सासू विधवा होती. घरात दोन मुलगे, दोन सुना, चूल एक. तिच्याबद्दल ही कधी वाईट बोलली नव्हती. तिन्ही बाळंतपणं सासूनंच केली होती, तिन्ही वेळा सासूच तिला धरून बसली होती. यजमान काही म्हणणार तोच मी त्यांच्याकडे पाहिलं, आणि ते गप्प राहिले.

पाऊसकाळ गेला. दिवाळीच्या सुमाराला ती दोघं पुन्हा अमरावतीला आली, बैलांसाठी काही खरेदी होती म्हणून. मला परसात गाठून ती म्हणाली, "बाई, पहिली वेचनी आली."

पहिल्या वेचणीआधी शेतात दहीभाताचा नैवेद्य दाखवायची त्यांच्याकडे रीत होती. घरच्या मोठ्या सुनेनं तो ठेवायचा, सवाष्णीनं. मागल्या साली तिनं तो ठेवला होता. "हात असे कापले का भात सांडला," ती म्हणाली. सासूला ती आत्याबाई म्हणे. "आत्याबाईले वाटलं ताप हाय. रात्री त्याइनं माहं डोकं दाबलं. मले तं मेल्यासारखं झालं. यंदा मी ठेवनार नाई. पन सांगल्याबिगर बी राहनार नाई. तुमी चाला माह्यासंगं."

"मी काय करू तिथं?"

"काही नोका करू. नुसत्या बसा."

यजमानांना पटवायला त्रास पडला नाही. ते एवढंच म्हणाले, "तुम्ही बोलू नका हं." मला नवल वाटलं. वर्षापूर्वी ते स्वतः बोलायला निघाले असते.

गाडीनं बडनेऱ्यावरून गेलो. वाटेत लोहमार्गाचं काम चाललं होतं, मातीचे बांध घातले जात होते. दोन्ही बाजूंना कापूस फुटला होता, नजर जाईल तिथवर पांढरा. ती वाटभर बडबडत होती. कुठलं शेत कुणाचं, कुणाचा बैल मारका. गाव दिसू लागलं तशी गप्प झाली.

सासू उंच, कोरड्या अंगाची बाई होती. सुनेनं माझी ओळख करून दिली, अमरावतीच्या ओळखीच्या बाई, एवढीच. मला ओसरीवर घोंगडी टाकून दिली, पाणी वरून ओतून दिलं, भाकरी पानावर वाढली. माझी जात तिनं विचारली नाही, पण मी त्यांच्यातली नाही हे तिनं पाहताक्षणी ओळखलं होतं. जेवताना मात्र समोर बसून राहिली. "खा बाई. नगरकडं ज्वारी मिळते काय अशी?" म्हणून आग्रह करकरून वाढलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी घरात लगबग होती. वेचणीच्या बायका अंगणात जमू लागल्या होत्या. सासू चुलीपुढं बसून मोठ्या भांड्यात दहीभात कालवत होती. मी ओसरीवर, मधलं दार उघडं. मोठा मुलगा बैल सोडायला गोठ्यात गेला होता. सून आत गेली आणि सासूच्या बाजूला उभी राहिली.

"आत्याबाई, यंदा मी नैवेद्य नाई ठेवत."

सासूनं वर न पाहता विचारलं, "काहून? अडचन हाय काय?"

बाईमाणसाला यापेक्षा सोपी पळवाट नव्हती. नुसतं 'हो' म्हटलं असतं तरी धाकटीनं नैवेद्य ठेवला असता, ही चार दिवस बाजूला बसली असती, आणि वर्ष निघून गेलं असतं. तिच्या जागी मी असते तर काय केलं असतं, मला सांगवत नाही.

ती उभीच होती. मग म्हणाली, "नाई. अडचन नाई."

सासूचा हात थांबला.

"मी ख्रिस्ती झाली, आत्याबाई. मी आता दुसऱ्या देवापुढं हात नाई जोडू शकत."

"माहा लेक?"

"तेबी. ते माह्या पयले."

"कधीपासून?"

"मागच्या सालाच्या मागच्या साली."

सासूनं हात भांड्यातून काढला आणि तसाच धरून ठेवला. बोटांवरून दही ओघळत होतं. आरडाओरडा नाही, कपाळ बडवून घेणं नाही. खालच्या आवाजात म्हणाली, "इतके दिवस तू माह्या चुलीवर रांधून राहिली. मले वाढून राहिली. म्या खाल्लं. तुले ठाऊक होतं, त्याले ठाऊक होतं. मलेच तेवढं ठाऊक नव्हतं."

सून खाली बसली. "चुकलं माहं."

"म्या काय खावं, कोनाच्या हातचं खावं, हे तं माह्या हाती होतं ना? तेबी तुमी काढून घेतलं."

माझ्यापाशी या वेळेला लागतील अशी किती वाक्यं तयार होती. एकही बोलण्यासारखं नव्हतं. म्हातारीचं म्हणणं खरं होतं. मी ओसरीचा खांब धरून बसून राहिले.

"भेव वाटलं," सून म्हणाली.

"माहं?"

"तुमी तोडसान, याचं."

सासूनं हात भांड्याच्या काठावर निपटला. मग विचारलं, "कमी काय पडलं होतं तुले या घरात?"

आणि मग सुनेनं सांगितलं. अमरावतीला आमच्यापुढं सांगितलं होतं तेच, त्याच शब्दांत. लेकरं, पांढरे पाय, दवाखाना, पाय धुणारा प्रभू. बोलताना तिचा आवाज पहिल्यांदा कापला, मग आपल्या नेहमीच्या उंचीला आला. अंगणातल्या बायका ऐकत होत्या. तिला ते दिसत होतं, तरी तिनं आवाज उतरवला नाही.

"म्या तं तुले कधी तसं म्हतलं नाई," सासू म्हणाली.

"तुमी नाई म्हतलं. तुमी तं मले धरून बसल्या. पन बाया म्हनत तवा तुमी गप राहिल्या, आत्याबाई. एकडाव जरी तुमी म्हतलं असतं, का माह्या सुनेले काही बोलू नोका..."

वाक्य तिथंच राहिलं. म्हातारीनं मान वळवली. चुलीतलं लाकूड तिनं उगाच मागं ओढलं. मग हात धुतला, धाकट्या सुनेला हाक मारली, भांडं तिच्या हाती दिलं आणि म्हणाली, "चाल. ऊन चढते." दोघी शेताकडे गेल्या. वेचणीच्या बायका मागोमाग गेल्या. अंगण रिकामं झालं.

सून माझ्याजवळ येऊन बसली. मला वाटलं ती रडेल. ती म्हणाली, "बाई, मले भूक लागली." आम्ही दोघींनी शिळी भाकरी आणि ठेचा खाल्ला. तिचा नवरा गोठ्यातून आला, आमच्याकडे पाहून सगळं समजला, आणि तोही जेवायला बसला.

मी दुसऱ्या दिवशी परतले. पुढचं तिच्याकडून वेळोवेळी कळत गेलं. भावकी बसली. जोडप्याला वाळीत टाकलं, गावच्या विहिरीवर पाणी भरायला बंदी झाली. घरात भिंत घातली गेली आणि सासू धाकट्या मुलाकडे राहू लागली. तिनं पुन्हा मोठ्या सुनेच्या हातचं खाल्लं नाही. पण भिंत घातल्याच्या दुसऱ्या सकाळी म्हातारी विहिरीवर गेली, घागर भरून आणली, आणि मोठ्या सुनेच्या दारापुढं ठेवलेल्या मडक्यात उंचावरून पाणी ओतलं. मग दुसरी घागर. रोज. गावातल्या कुणी टोकलं तर म्हणे, "पानी माह्या हातचं हाय. कोनाले काही म्हनायचं असन तं मले म्हना, तिले नोका म्हनू."

सुनेनं मला हे सांगितलं तेव्हा ती पहिल्यांदा माझ्यापुढं रडली.

कापसाचा भाव चांगला होता तोवर नवऱ्यानं बैलांच्या शिंगांच्या शेंब्या विकल्या, त्यात भर घातली आणि शेतात स्वतःची विहीर खणली. विहिरीला पाणी लागलं तेव्हा तिथं पाणी मागायला पहिले आले ते गावकुसाबाहेरचे लोक. नवरा जरा घुटमळला. शेवटी तोही शेतकरी घराण्यातला. बायको म्हणाली, "आता तं सगळ्याइले सांगून बसलो. नाई कोन्या तोंडानं म्हनसान?" त्यांना पाणी भरू दिलं. त्यामुळे गावातला राग आणखी वाढला, हेही खरं. काही लोकांचा तो पुढे निवळला, काहींचा कधीच निवळला नाही.

अमरावतीला आमच्या रविवारी आता दार लावत नसत असं मला लिहायला आवडलं असतं. तसं झालं नाही. खानसाम्यानं शेवटपर्यंत साहेबाच्या बंगल्यावरच्या इतर नोकरांना काही सांगितलं नाही, आणि मी त्याला दोष दिला नाही. शिंपी मात्र शेजाऱ्यांना सांगू लागला. काही गिऱ्हाइकं गेली, काही उलट बसून ऐकू लागली. यजमान बाजारात जातच राहिले, पण उपदेश लहान होऊ लागला आणि लोकांचं ऐकणं वाढलं. एकदा मी जवळून जाताना पाहिलं, तर ते एका गाडीवानाशेजारी जुवावर बसले होते आणि गाडीवानच बोलत होता.

मग अमेरिकेतली लढाई संपल्याची बातमी आली आणि कापसाचा भाव कोसळला. बाजारात एकदम शांतता झाली. पुढे आगगाडी सुरू झाली आणि आमची बदली अकोल्याला झाली.

अकोल्याला आमच्याकडे एक दिवस ती सून आली. सोबत सासू. म्हातारीच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता, दवाखान्यात दाखवायचं होतं. आगगाडीत ती पहिल्यांदाच बसली होती आणि त्याबद्दल तिची बरीच तक्रार होती. आमच्या परसात लिंबाखाली तिनं तीन दगडांची चूल मांडली, पाणी सुनेकडून न घेता स्वतः विहिरीवरून आणलं, चाचपडत स्वतःपुरतं रांधलं. सून शेजारी बसून सांगत होती, "आत्याबाई, डाव्या अंगाले जाळ हाय, पदर सांभाळा." आणि म्हातारी तिच्या सांगण्यावर हात हलवत होती.

दुपारी सून बाजारात गेली. म्हातारी ओसरीवर बसली होती, मी तांदूळ निवडत होते. एकदम तिनं विचारलं, "बाई, तुमच्यात मेल्यावर कुठं जातात?"

मी सूप खाली ठेवलं. "देवापाशी जातो, असं आम्ही मानतो."

"अन् तिथं मानसं एकमेकाले वळखतात काय?"

तिच्या मनात काय होतं ते मला कळलं. सून जाणार एकीकडे, आपण दुसरीकडे. पुस्तकातलं उत्तर मला येत होतं. पण काकूंना पोथी वाचून दाखवली होती ते आठवलं, आणि मी ते दिलं नाही.

"मी पाहिलं नाही, आत्याबाई," मी म्हटलं. सुनेच्या तोंडची हाक माझ्याही तोंडात आली होती. "पण माझी आई गेली तेव्हा मी तिला म्हटलं होतं, मला ओळख म्हणून. ती ओळखेल, अशी माझी खात्री आहे. त्या खात्रीवरच मी राहते."

डोळ्यांपुढं सगळं धुरकट असलं तरी म्हातारी रस्त्याकडे तोंड करून बसली होती.

"अन् जे तुमच्यातले नाई त्याइचं?"

"ते मी त्याच्यावर सोडलं आहे," मी म्हटलं. "तो माझ्यापेक्षा दयाळू आहे, एवढं मला माहीत आहे."

"हं," ती म्हणाली. "मंग ठीक." आणि थोड्या वेळानं, "ती अजून काहून आली नाई? उन्हात फिरून राहिली असन. तिले घाई कशी ती नाईच."